डावललं

बाबांना झटका आला, त्यात शरीराची उजवी बाजू गेली आणि तिच्यापाठोपाठ शब्द गेले. सगळे नाही गेले. ‘पाणी’ उरला, ‘नको’ उरला, आईला हाक मारायचा ‘अगं’ उरला. आणि एक शब्द असा उरला, की त्याचं काय करायचं ते घरात कुणालाच कळेना. तो शब्द होता ‘डावललं’.

दुपारी खिडकीतला उजेड पांघरुणावरून सरकत सरकत त्यांच्या छातीपर्यंत यायचा. घर पेंगुळलेलं असायचं. मोरीतला नळ ठिबकायचा, पडदा फुगायचा आणि परत बसायचा, आई खुर्चीत मान टाकून डुलकी घेत असायची. अशा वेळी बाबा छताकडे बघत म्हणायचे, “डावललं.” बाकीचे शब्द त्यांच्या तोंडात चुरगळून बाहेर पडायचे. हा मात्र स्वच्छ यायचा, इस्त्री केल्यासारखा. आई दचकून जागी व्हायची आणि चष्मा वर करून डोळे पुसायची.

“देवानं डावललं म्हणतायत,” ती मला सांगायची. “सबंध जन्म त्याची चाकरी केली आणि त्यानं हे असं केलं. वाईट नाही का वाटणार माणसाला?”

तिला तसं वाटायला कारणही होतं. बाबा प्रभुभोजन घेत नव्हते. ज्यांना चर्चपर्यंत जाता येत नाही त्यांच्यासाठी आमचे पाळक महिन्यातून एकदा पवित्र भाकरीचे तुकडे आणि छोट्याशा पेल्यात द्राक्षरस घेऊन घरी येतात. झटक्यानंतर ते पहिल्यांदा आले तेव्हा बाबांचा डावा हात पांघरुणातून वर आला, ताटलीच्या दिशेनं गेला आणि मध्येच थांबला. बाबांनी त्या हाताकडे पाहिलं, तो खाली घेतला आणि ओठ गच्च मिटले. आम्हाला वाटलं, घास अडकेल म्हणून घाबरले असतील. पण थोड्या वेळानं त्याच तोंडानं त्यांनी वाटीभर सूप आणि त्यात भिजवलेला पाव संपवला. पुढच्या महिन्यातही तेच. पाळकांनी तुकडा पुढे केला, बाबांनी मान भिंतीकडे फिरवली आणि म्हणाले, “नको.” मग जरा थांबून, “डावललं.”

पाळक तरुण आहेत, जीव ओतून बोलतात. ते खाटेशेजारी गुडघे टेकून बसले आणि देव कुणालाच कसं टाकून देत नाही, हे त्यांनी बराच वेळ समजावून सांगितलं. बाबा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव माझ्या ओळखीचा होता. रविवारच्या शाळेत एखादं पोर भलताच धडा पाठ करून आलं की ते असेच बघायचे. पाळकांना वाटलं, आपलं बोलणं पोचतंय.

ते गेल्यावर आई दाराशीच उभी राहिली. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की दुसरा झटका कधीही येऊ शकतो आणि तो झेपायचा नाही.

“असेच गेले तर गं?” ती म्हणाली. “रुसून? प्रभूच्या ज्या मेजावर आयुष्यभर सगळ्यांना वाढलं, तिथून स्वतः उपाशी उठून जायचं?”

मी दार लावून घेतलं. त्या मेजावरचा घास मी स्वतः आजवर एकदाही घेतला नव्हता.

त्याची गोष्ट अशी. मी डावखुरी आहे. आमच्या मंडळीत कारभार बघणाऱ्या जाणत्या लोकांना ‘वडील’ म्हणतात, आणि बाबा ऐन तरुणपणीच वडील झाले. म्हणजे घरात वडील आणि चर्चमध्येही वडील. लहानपणी माझी समजूत अशी, की मी जन्मले म्हणूनच त्यांना चर्चमध्येही ही बढती मिळाली. मी ते मैत्रिणींना ऐटीत सांगायचे. प्रभुभोजनाची ताटली ओळीओळीतून फिरवायचं काम बाबांचं. दृढीकरण म्हणजे मुलांना पहिल्यांदा प्रभुभोजनाला घेतात तो विधी; त्याआधी त्यांना शिकवायचंही बाबांनीच. तुकडा कसा उचलायचा, कधी उचलायचा, कुठल्या हातानं. “देवाच्या मेजावर डावा हात पुढे करायचा नाही,” ते सगळ्या वर्गाला सांगायचे आणि बघायचे माझ्याकडे.

मला तर घरी खास शिकवणी होती. जेवताना माझा डावा हात ते रुमालानं खुर्चीच्या पाठीला बांधायचे. हळूच बांधायचे, गाठ सैल असायची, जरा हिसका दिला असता तर सुटला असता. मी कधी हिसका दिला नाही. मला बाबा फार आवडायचे, आणि उजव्या हातानं सूप सांडत सांडत मी त्यांना खूश करायचा प्रयत्न करायचे.

भाषासुद्धा त्यांच्याच बाजूची. भरवशाचा माणूस म्हणजे उजवा हात. सरस ठरला तो उजवा ठरला. बाईची कूस उजवते, पोर उजवली जाते. आणि डाव्याच्या पदरात काय टाकलं आपल्या लोकांनी? डावलणं. समोर असलेल्या माणसाला नसल्यासारखं करून पुढे जाणं. याला म्हणतात डावं-उजवं करणं, आणि तेही शब्दकोशापासूनच सुरू.

दृढीकरणाच्या दिवशी मी पांढरा फ्रॉक घालून पहिल्या ओळीत उभी होते. कितीतरी दिवस आरशासमोर उजव्या हाताची तालीम केली होती. पण ताटली समोर आली आणि हात आपोआप गेला. डावा. ताटली थांबली. मला वाटलं, बाबा डोळ्यांनी खूण करतील, मी चटकन हात बदलेन, कुणाला कळणारही नाही. बाबांनी ताटली उचलली आणि पुढच्या मुलीसमोर धरली. ओळ पुढे सरकली. माझा हात तिथंच हवेत राहिला, आणि शेजारची मुलगी तुकडा चावता चावता त्या हाताकडे बघत होती. सगळ्या मंडळीनं पाहिलं. त्या दिवशी मला वडिलांनी डावललं की वडिलांनी, याचा निकाल मला आजवर लावता आलेला नाही.

देवाशी माझं कधी वाकडं आलं नाही. मी आईबरोबर चर्चला जाते, गाते, प्रार्थना करते, आणि प्रार्थना करताना तो ऐकतोय असं मला खरंच वाटतं. माझं भांडण ताटलीशी. ती फिरायला लागली की मी मागच्या दारानं बाहेर पडून पायरीवर बसते. बाबांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. दोघांच्याही तोंडात मिठाची गुळणी.

मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथं दात येतात. ज्यांची ओळख पटत नाही अशा माणसांचे दात, छोट्या बाटल्यांत, चिठ्ठी लावून. हा माणूस किती वर्षांचा होता, एवढंच मी सांगायचं. इमारतीतले लोक मला दातवाली म्हणतात. दाताचा दवाखाना समजून एकदा एक गृहस्थ गाल धरून माझ्या दारात उभे राहिले होते.

दातावरून वय कसं कळतं, हे मी आजवर अनेकांना सांगितलंय आणि सांगताना दरवेळी माझा आवाज जरा खाली येतो. आपलं शरीर ज्या प्रथिनांचं बनतं, ती अमायनो आम्लांच्या मण्यांची माळ असते. हे मणी दोन प्रकारचे असू शकतात, डावे आणि उजवे, हातमोज्यांच्या जोडीसारखे. घटक तेच, वजन तेच, फक्त एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. प्रयोगशाळेत बनवायला गेलं की दोन्ही सारखेच तयार होतात. पण जिवंत शरीर प्रथिनं ओवताना फक्त डावे मणी घेतं. शेवाळ, झुरळ, घोडा, पाळक, सगळे डाव्यांचेच बनलेत. कॉलेजात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इतकी मोठ्यानं हसले, की प्राध्यापकांनी वर्गाबाहेर काढलं. मी बाहेरही हसत होते. खोटं कशाला बोलू, त्या एका वाक्यासाठी मी हा विषय धरला आणि त्यावरच आजवर पोट भरलं.

शरीर जुने मणी टाकून नवे ओवत राहतं. दाताच्या आतला थर मात्र एकदाच बनतो आणि पुन्हा कधी बदलत नाही. त्या थरातले डावे मणी तिथंच पडून राहतात, आणि झोपेत माणसानं कूस बदलावी तसे त्यांतले काही फार सावकाश उजवे होतात. वर्षानुवर्षं. कुणाला पत्ता नसतो. मी दाताची पातळ चकती कापते, धुते, आम्लात शिजवते, त्या रसाची वाफ होईल अशी तयारी करून ती केसासारख्या बारीक, लांबच लांब नळीतून सोडते. नळीच्या आतला लेप डाव्यांना जरा धरून ठेवतो. म्हणून आधी उजवे बाहेर पडतात आणि पडद्यावर एक बुटकी टेकडी उमटते. मग डावे येतात, त्यांचा मोठा डोंगर. टेकडी डोंगराच्या मानानं किती, यावरून वय.

आमच्यात एक मणी असा आहे की तो ना डावा ना उजवा. ग्लायसीन त्याचं नाव. आरशात धरला तरी तोच. मी मनातल्या मनात आईला ग्लायसीन म्हणते.

पाळक पुन्हा यायचे होते, त्याच्या आदल्या रविवारी आई चर्चला गेली आणि मी बाबांपाशी थांबले. सकाळचं धुकं अजून खिडकीला टेकलेलं होतं. समोरच्या गल्लीत माणसं पावलांच्या आवाजापुरती होती. मी त्यांना सूप भरवत होते. भरवताना लक्षात आलं, की बाबा चमच्याकडे बघतच नाहीयेत. ते माझ्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी त्यांच्या चालत्या हातानं माझं मनगट धरलं.

“डावललं,” ते म्हणाले.

“कुणी डावललं बाबा? देवानं?”

“नको!” ते वैतागले. ‘नाही’ हा शब्द गेल्यापासून ‘नको’ला दोघांचं काम करावं लागत होतं.

“मग कुणी?”

ते शोधायला लागले. माणूस दाराशी उभा राहून एकेक खिसा चाचपत किल्ली शोधतो तसे. ओठ हलले, कपाळावर घाम आला. मी चमचा खाली ठेवला.

“मी,” ते म्हणाले. आणि माझ्या मनगटावर बोट टेकवलं.

मराठीत हे एक आहे. करणाऱ्याचं नाव गाळलं तरी वाक्य उभं राहतं. बाबा नुसतं ‘डावललं’ म्हणत राहिले आणि आम्ही ज्यानं त्यानं आपापल्या मनातला करणारा तिथं बसवला. आईनं देव बसवला. पाळकांनीही देवच बसवला, त्यांचा तर तो धंदाच. मी कुणालाच बसवलं नव्हतं. खरं म्हणजे सगळ्यांत आधी मला कळायला हवं होतं, आणि मला कळलं असावंही. पण ते मला नको होतं.

मग बाकीचंही उलगडलं. मेजापाशी यायच्या आधी घरात कुणाचं मन आपण मोडलं असेल तर उठा, जा, मिटवा आणि मगच या, हे बाबा वर्गात दरवर्षी शिकवायचे. त्यांनी ते मला सोडून सगळ्या जगाशी पाळलं असणार. आता उजवा हात गेला. ताटली आली तेव्हा जो हात आपोआप पुढे झाला, तो डावा होता. तो हात त्यांनी हवेत पाहिला, आणि त्यांना तो ओळखू आला. त्या दिवसापासून त्यांनी धडा पाळायला घेतला होता. धड्याला पक्का माणूस.

मी एवढंच म्हणायला हवं होतं, की जाऊ द्या बाबा. धुकं विरत चाललं होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं, त्यांनी माझं मनगट धरलेलं होतं. यापेक्षा सोयीची वेळ देवानंही काढून दिली नसती.

“सूप गार होतंय,” मी म्हणाले.

आई परत आल्यावर मी तिला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. ती स्टुलावर बसली. टेबलाची कड पुसायला लागली.

“मग सांगून टाक ना, मिटलं म्हणून.”

“मिटलं नसलं तरी?”

“नसलं तरी! तुझं काय जातंय?”

“आई, ते ओळखतील. मी खोटं बोलले की ते लहानपणापासून ओळखतात.”

“तू पण त्यांच्यावरच गेलीयस,” ती उठली. तिला एवढं चिडलेलं मी क्वचितच पाहिलंय. “तू तुझं खरं धरून बस, ते त्यांचं वचन धरून बसतील. बसा दोघं उपाशी. आणि मधल्यामधे मी कुणाच्या नावानं रडायचं, तेवढं ठरवून सांगा.”

ग्लायसीनला एवढी धार असते हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत एक दात नळीत सोडला आणि पडद्यासमोर बसले. यंत्राचा आवाज एकसुरी असतो, गरम हवा येते, खिडकीतून फक्त समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि तिच्यावरून ऊन उतरत असतं. माझा डोळा लागला. स्वप्नात ती नळी चर्चच्या मधल्या वाटेएवढी रुंद झाली होती. माणसं सावकाश चालत येत होती, भिंतींना हात लावत, अर्धवट झोपेत. भिंती मऊ होत्या आणि काहींना धरून ठेवत होत्या. टोकाला बाबा ताटली घेऊन उभे होते. मी खूप मागे होते. मला घाई नव्हती. फक्त एकदा त्यांचा चेहरा बघायचा होता, कारण त्या दिवशी मी ताटलीकडे बघत राहिले आणि चेहरा बघायचाच राहून गेला. मी जवळ पोचले तेव्हा उजेड इतका होता की चेहऱ्याच्या जागी नुसता उजेडच दिसला. जाग आली तेव्हा पडद्यावर टेकडी उमटून गेली होती आणि डोंगर चढत होता. माझे गाल ओले होते. कुणीतरी टेबलावर माझा चहा ठेवून गेलं होतं, तो निवला होता.

घरी आले ती तडक बाबांच्या खोलीत. अंगातला कोटही काढला नाही. संध्याकाळ उतरत होती, खोलीतल्या वस्तूंच्या कडा पुसट झाल्या होत्या. मला जे बोलायचं होतं ते बोलायचा धीर होईना, म्हणून मी मण्यांबद्दल बोलायला लागले. इतक्या वर्षांत त्यांनी माझं काम काय ते विचारलं नव्हतं आणि मीही हे मुद्दाम राखून ठेवलं होतं, कधीतरी त्यांच्या तोंडावर मारायला. आता मारायला हात उचलेना. नुसतं सांगितलं. जिवंत आहे ते सगळं डाव्यांचं बनलंय. तुम्हीसुद्धा. तुमचा उजवा हातसुद्धा. उजवे मणी खाऊन अंगाला बहुधा लागत नाहीत, जिभेला मात्र त्यांतले बरेचसे गोड लागतात.

बाबा कान देऊन ऐकत होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा ते खिसे चाचपणं सुरू झालं.

“मेल्यावर?” त्यांनी विचारलं.

मला हसू आलं. आयुष्यभर परीक्षा घेतलेला माणूस, नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं.

“मेल्यावर सगळीकडेच कूस बदलायला लागतात. हळूहळू उजवे होतात.”

बाबांच्या चेहऱ्याची एक बाजू हलली. मला क्षणभर भीती वाटली, मग कळलं की ते हसतायत.

“मग… थांबतो,” ते म्हणाले.

मी हसले. इतकी हसले की खाटेचा कठडा धरावा लागला, आणि ते अर्ध्या चेहऱ्यानं हसत होते, आणि आई दारात येऊन आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तसं बघून गेली. आणि हसता हसता मी थांबले. ते गंमत करत होते, पण थांबणार होते हे खरं होतं. माझ्या तोंडून काही निघालं नाही तर हा माणूस घास न घेता जाणार होता. मला दोषही देणार नव्हता.

“अर्धेच, बाबा,” मी म्हणाले. “निम्मे उजवे झाले की पुढे काही सरकत नाही. जेवढे डावे उजवे होतात तेवढेच उजवे परत डावे होतात. हजारो वर्षं गेली तरी निम्मे-निम्मेच. सगळं उजवं कुणीच होत नाही. थांबून काही उपयोग नाही.”

त्यांनी स्वतःचा डावा हात उचलून डोळ्यांसमोर धरला. पुढून बघितला, मागून बघितला.

“मला राग आहे,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच लहान मुलीचा वाटला. “अजून आहे. मी आरशासमोर इतकी तालीम केली होती. तुम्ही ताटली थांबवलीत तेव्हा मला वाटलं, तुम्ही मला वेळ देताय. तुम्ही वेळ द्यायला हवा होता. तुम्ही माझे बाबा होतात. रात्री मी उशीत तोंड घालून रडले आणि तुम्हाला ऐकू गेलं, कारण तुम्ही दारापर्यंत आला होतात, मला तुमची पावलं कळतात. आणि तुम्ही परत गेलात. मिटलं म्हणून मला सांगता येत नाही. मिटलेलं नाही. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं, आणि रागही आहे, आणि मला या दोन्हीचं काय करायचं ते कळत नाही.”

खोलीत जवळजवळ अंधार झाला होता.

“हो,” बाबा म्हणाले.

हा शब्द झटक्यानंतर त्यांच्या तोंडून कुणीच ऐकला नव्हता. आम्ही तो गेलाय असंच धरून चाललो होतो. त्यांनी तो पुन्हा म्हटला, “हो,” आणि माझ्या कोटाच्या बाहीवर हात ठेवून पडून राहिले. दिवा लावायला आई आली तेव्हाही आम्ही तसेच होतो.

पुढच्या रविवारी पाळक आले. त्यांनी टेबलावर पांढरं कापड पसरलं, ताटली ठेवली, पेला ठेवला. या खेपेला त्यांनी प्रवचन आणलं नव्हतं, बहुधा आईनं फाटकातच गाठून काहीतरी सांगितलं असावं. प्रार्थना झाली. पाळकांनी ताटली बाबांसमोर धरली. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. पायरीवर जाऊन बसावं असं पायांना वाटत होतं.

बाबांचा डावा हात वर आला. ताटलीपर्यंत गेला. बोटांनी दोन-तीनदा प्रयत्न करून एक तुकडा उचलला. बाबांनी तो तुकडा तोंडाकडे नेला नाही. त्यांनी हात स्वतःवरून ओलांडून माझ्याकडे केला.

पाळक काहीतरी म्हणणार होते. आईनं त्यांचा दंड धरला.

“आधी तुम्ही घ्या ना,” मी म्हणाले.

“नको.” हात तसाच राहिला. त्याचं वजन पेलवत नव्हतं, भुगा पांघरुणावर सांडत होता. ते माझ्याकडे बघत होते. या वेळी मी चेहरा बघितला. म्हातारा चेहरा, एका बाजूला ओघळलेला, घाबरलेला. मी घेतलं नाही तर काय, याची भीती त्यांना वाटत होती. माझी बाबांना भीती वाटू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

मी मनात राग शोधला. होता. सगळा नसेल, पण निम्मा तरी होता आणि तो कुठं जाण्याच्या तयारीत नव्हता. तो जाईपर्यंत थांबायचं म्हटलं तर बाबांपाशी तेवढा वेळ नव्हता, आणि माझ्यापाशीही बाबा तेवढे नव्हते. मी हात पुढे केला. कुठला, ते बघितलं नाही. बाबांनी बघितलं. त्यांनी तुकडा तळहातावर ठेवला आणि वरून त्यांची बोटं दाबून धरली, सांडू नये म्हणून.

साधी भाकर होती, जराशी कोरडी. गिळायला वेळ लागला. मी डोळे पुसले, ताटलीतला दुसरा तुकडा उचलला आणि भरवायला त्यांच्याकडे वळले.

त्यांनी तोंड केव्हाच उघडलं होतं.